अठरा अंश

मे महिन्यात जळगावचा पारा सेहेचाळीसवर,
आणि विभागामागचा ट्रान्सफॉर्मर दुपारी दोनला उडाला.
धूर फारसा नाही. एकदाच फट्ट.
मग तीन वर्षं कानात असलेली इन्क्युबेटरची घरघर
थांबली तेव्हा कळलं, की ती होती.

आत दोनशे बारा कुप्या.
तळाला मक्याच्या पिठाची खळ, तोंडाला कापसाचा बोळा,
मधे माझी चिलटं.
तिशीच्या वर नर वांझ होतात, पुढचं विचारू नये.
एका कुपीवर माझंच अक्षर :
एक्केचाळिसावी पिढी, सांभाळ.

सुभान तडवी म्हणाले, बर्फ तासाभराचा.
माझा साडू सावद्याला केळी पिकवायच्या चेंबरवर आहे.
तिथं अठरा अंश. जनरेटर आहे.

छोटा हत्ती, ओलं गोणपाट, मांडीवर खोकं.
तापीच्या पुलावर वारा आला तोही भट्टीतला.

डिगंबर वाघुळदे दारातच उभे.
चिलटं? केळीच्या चेंबरात?
जिनिंगमध्ये कोणी पेटती बिडी घेऊन आल्यासारखे बघत राहिले.
कुप्या बंद असतात, मी म्हटलं.
ते तुमचं झालं, चिलटाला इचारलं का?
पण कोपऱ्यातले क्रेट त्यांनीच सरकवले.

बाहेर बशीत चहा. करता काय यांचं?

सांगितलं. अळी काचेच्या भिंतीवर चढू लागली की धरायची,
एका चिमट्यात तोंड, दुसऱ्यात अंग, आणि ओढायचं.
मेंदू बाहेर येतो, दोन गोल पाकळ्या,
खसखशीच्या दाण्याहून लहान.
असे तीनशे काढले की एक नळी भरते
आणि मान दुसऱ्या दिवशीपर्यंत वळत नाही.
मग फॉर्मलिन, दहा मिनिटं.
डीएनएवर जे प्रथिन जिथं बसलंय ते तिथंच थिजतं.
मग आवाजाच्या लाटांनी धाग्याचे तुकडे,
मग त्या एकाच प्रथिनाला ओळखणारं प्रतिपिंड,
चुंबकाला चिकटणारे मणी, धुणं, परत धुणं,
आणि शेवटी त्याची मूठ उघडून वाचायचं
काय धरून बसलं होतं.

म्हंजे तलाठ्याचं काम. सातबाऱ्यावर कोनाचं नाव कुठं.

तसं नाही काका. कागद सगळीकडे तोच.
डोळ्यात तोच, पंखात तोच, मेंदूत तोच.
कोण कुठल्या ओळीवर बसलं
त्यावर ठरतं कुठली ओळ वाचायची, कुठली झाकायची.

ते बशी फिरवत राहिले.
मंग उठतं का नही ते? बसलेलं?
उठतं. काही तर सेकंदात.
आन तुम्ही औषध टाकून बसवून ठेवता.
हो.
मंग तुम्हाले बसलेलंच दिसन.

आत कंप्रेसर चालू झाला.
समितीसमोर तीनदा बोलले होते मी,
आलेखातल्या प्रत्येक उंच टोकाला नाव दिलं होतं.
कोणी विचारलं असतं तर उत्तर होतं माझ्याकडे,
त्यासाठी वेगळी पद्धत, वेगळा सूक्ष्मदर्शक, वेगळा निधी.
सावद्यात ते काही आठवलं नाही.
चहा गोड होता, एवढंच.

रात्री अकराला फोन आला, लाइट आली.
कुप्या मोजल्या. दोनशे बारा.
एकीचा बोळा तिरका.
आत बघितलं, बॅटरीच्या उजेडात पुन्हा बघितलं.
मेंदूत हिरवं चमकणारी मादी, एक, नाही.
नियमाप्रमाणे एक फॉर्म भरायचा असतो.
सुभानभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही,
चेंबरचं दार ओढून घेतलं.

अठरा अंशात चिलट फार उडत नाही.
कठीण हिरव्या फण्यांमध्ये कुठंतरी बसली असेल,
उठली असेल, शेजारच्या फणीवर.
वाघुळदे म्हणाले होते,
त्या कोपऱ्यातला माल परवा दिल्लीला जातो.